ओल्या भिंती, गळकी कौलं आणि स्लॅबची घाई

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. गावाकडे त्यांचं वडिलोपार्जित घर आहे. दगडाच्या, मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या दोन फुटी भिंती, वर कौलं, आत तीन खोल्या. वर्षभरात त्या निवृत्त होतील आणि पती-पत्नी दोघांना तिथं कायमचं राहायला जायचं आहे. भिंतींना आतून तीन फुटांपर्यंत ओल आहे, रंगाचे पापुद्रे सुटतात. ओल थांबावी म्हणून पंधरा वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. छप्पर दोन ठिकाणी गळतं, एक तुळई भिंतीत शिरते तिथं कुजली आहे. कंत्राटदार म्हणतो, कौलं उतरवू, याच भिंतींवर स्लॅब टाकू, मागे दोन खोल्या आणि संडास-बाथरूम जोडू, चार महिन्यांत चावी हातात. धाकटा भाऊ म्हणतो, या घरात जीव राहिलेला नाही, पाडून नवं बांधू. ताईंना घर पाडवत नाही, पण आपण भावनेपायी पैसे मातीत घालतोय का, ही धास्तीही आहे.

ताई,

पाडायचं की ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय. पण त्याआधीचा प्रश्न कुणीच विचारलेला दिसत नाही: या घरात पाणी येतं कुठून आणि जातं कुठं? तुमच्या पत्रातल्या साऱ्या तक्रारी, म्हणजे ओल, सुटणारा रंग, गळती, कुजलेली तुळई, एकट्या पाण्याच्या आहेत. भेगांचा, कललेल्या भिंतीचा, खचलेल्या कोपऱ्याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही. ते खरंच नसेल, तर घरात भरपूर जीव आहे आणि भावाला तसं खुशाल सांगा. दोन फुटी दगडी भिंत आतली हवा दिवसभर थंड ठेवते. ते काम नवीन सहा इंची भिंतीला जमत नाही. तेव्हा घर ठेवावंसं वाटणं ही निव्वळ भावना आहे, असं समजून मागे हटू नका.

आधी गिलाव्याकडे येते, कारण माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ तिथं आहे. मातीत बांधलेली दगडी भिंत जमिनीतून थोडी ओल नेहमीच वर ओढते. पूर्वी तिच्यावर मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असायचा. त्यातून ही ओल वाफ होऊन दोन्ही अंगांनी निघून जायची, म्हणून भिंत कधी भिजून राहत नसे. सिमेंटच्या घट्ट थरानं ती वाट बंद होते. शिवाय सिमेंट ताठ असतं आणि मातीची भिंत जराशी हलते, त्यामुळे गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. पावसाचं पाणी त्या भेगांतून आत जातं, बाहेर मात्र येऊ शकत नाही. मग आत अडकलेलं पाणी आणखी वर चढतं. पाण्यात विरघळलेले क्षार जिथं वाफ होते तिथं साठतात आणि मिठासारखी पांढरी पूड होऊन रंग ढकलून देतात. तुमची तीन फुटांवरची पापुद्र्यांची रेघ ती हीच. म्हणजे ओल थांबवायला केलेल्या गिलाव्यानंच ओल कोंडून ठेवली. आता त्यावर आतून वॉटरप्रूफ केमिकल मारू असं कुणी सुचवेल. ते करू नका, ओल अजून फूटभर वर जाईल. भिंतीत भोकं पाडून ओल रोखणारं औषध भरण्याचा उपाय विटांच्या सलग भिंतीत चालू शकतो. दगडाच्या भिंतीचं पोट तुकड्यांनी आणि मातीनं भरलेलं असतं. तिथं औषधाचा सलग पडदा तयारच होत नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नका, तपासून बघा. सगळ्यात ओल्या भिंतीवर एक फूट, तीन फूट आणि पाच फूट उंचीवर गिलाव्याचा वीतभर तुकडा छिन्नीनं हळूच काढा. दगडांच्या सांध्यातली माती बोटभर आतून खरवडा आणि चिमटीत दाबा. तिची गोळी वळली तर भिंत तिथं ओली आहे, भुगा होऊन गळली तर कोरडी. खाली गोळी आणि वर भुगा असेल तर पाणी जमिनीतून येतंय. पाच फुटांवर गोळी आणि तीन फुटांवर भुगा असेल तर छप्पर किंवा खिडकी बघा. तिसरी शक्यता दमट हवेची. त्यासाठी दोन फूट चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूनं दिसले तर हवेतला दमटपणा भिंतीवर बसतोय, त्याला खिडक्या उघड्या ठेवणं हाच उपाय. थेंब प्लास्टिकच्या मागे दिसले तर भिंतच ओली आहे.

आता घराभोवती एक फेरी मारा. जुन्या घरांभोवतीची जमीन वर्षानुवर्षं चढत जाते: वाहून आलेली माती, अंगणाचा नवा कोबा, त्यावर फरशी. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा निदान आठ इंच खाली हवी. तुमच्याकडे दोन्ही सारख्या पातळीवर आल्या असतील, तर जोतं मातीखाली गेलंय आणि भिंत सरळ ओल्या मातीत उभी आहे. ती माती आणि भिंतीला टेकलेला कोबा काढणं हे या घराचं पहिलं काम. छपराचं पाणीही मोजून बघा. हजार चौरस फुटांच्या छपरावर तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर जवळपास साडेचार हजार लिटर पाणी पागोळ्यांतून भिंतीच्या पायाशीच पडतं. वळचणीला पन्हळी लावा आणि ते पाणी नळानं घरापासून लांब न्या. जमीन घराबाहेर उतरती करा: पहिल्या दहा फुटांत निदान सहा इंच उतार.

जमिनीचा उतारच घराकडे असेल तर चर लागेल. भिंतीपासून तीन-चार फूट सोडून फूटभर रुंद चर खणा, तळाला दर १०० फुटांमागे फूटभर उतार ठेवा. त्यात पाणी झिरपू देणारं कापड अंथरा, भोकांचा पाइप टाका, वर खडी भरा आणि कापड वरून दुमडा. कापड नसेल तर दोन-चार वर्षांत माती खडीत शिरून चर बुजतो. आणि एक धोका: चर पायाच्या तळाखाली कधीही नेऊ नका. जुन्या घरांचे पाये उथळ असतात, काही ठिकाणी दीड-दोन फूटच. चर खोल गेला तर पायाखालची माती सरकते आणि आजवर नसलेल्या भेगा तुम्ही स्वतःच्या हातानं आणाल.

त्यानंतर सिमेंटचा गिलावा उतरवायचा, पण हातानं, तिरपी छिन्नी धरून, तुकड्या-तुकड्यानं. ब्रेकर लावू देऊ नका. त्याच्या हादऱ्यानं आतली माती सुटते. जिथं सिमेंटनं दगड घट्ट धरलाय आणि दगडाचंच कवच निघतंय, तिथं तो तुकडा राहू द्या. मग भिंत सुकू द्यायची. इंचभर जाडीला एक महिना, असा ढोबळ हिशेब धरतात. त्या हिशेबानं दोन फुटी भिंतीला दोन वर्षंही लागू शकतात. चार महिन्यांत चावी देणारा माणूस ओल्या भिंतीवर रंग मारून देणार, हे त्याच्या वेळापत्रकातच लिहिलेलं आहे. तुमच्या हातात वर्ष आहे. पाणी बाहेर काढण्याची आणि गिलावा उतरवण्याची कामं आत्ता केली, तर तुम्ही शहरात नोकरी करत असताना भिंती तिकडे सुकत राहतील. वर्षअखेर त्या पुरत्या सुकल्या नाहीत तरी अडत नाही, चुन्याचा गिलावा उरलेली ओल बाहेर जाऊ देतो.

गिलाव्याआधी सांधे भरून घ्या. सुटी माती इंचभर खोल, रुंद सांध्यात रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा, धूळ पाण्यानं धुवा, मोठ्या पोकळ्यांत दगडाच्या कपच्या ठोकून बसवा आणि चुन्यानं दरजा भरा. मिश्रण एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग धुतलेली, जाडसर, कोनदार वाळू. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. गिलाव्याच्या एका हाताची, म्हणजे एका थराची, जाडी अर्ध्या इंचापेक्षा कमी ठेवा, आतून दोन हात, बाहेरून तीन. दोन हातांमध्ये आठवडाभर तरी जाऊ द्या. ताज्या गिलाव्यावर ऊन-वारा लागू नये म्हणून ओलं गोणपाट टांगा. पटकन सुकलेला चुना पिठासारखा झडतो. गवंडी सिमेंटला सरावलेला असला की "जरा सिमेंट टाकतो, लवकर धरेल" असं म्हणतो आणि घमेलंभर टाकतोही. त्या वेळी तिथं हजर राहा. शेवटी रंग चुन्याचाच, पातळ चार-पाच हात. एवढं सगळं करून वर प्लास्टिक इमल्शन मारलं की मुसळ केरात. चुना घरी विझवणार असाल तर पाण्यात चुन्याची कळी टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही. ते उकळून उडतं आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कुणालाही जवळ जाऊ देऊ नका.

आता स्लॅब. इथं मी अगदी ठामपणे नको म्हणेन, आणि त्याला आकडे आहेत. रिपांसकट कौलांचं वजन चौरस फुटाला सहा-सात किलो भरतं. पाच इंची स्लॅबचं नुसतं काँक्रीटच तीस किलोच्या आसपास. त्यावरचा वॉटरप्रूफिंगचा थर आणि वावरणारी माणसं धरली की पन्नासच्या पुढे. सहाशे चौरस फुटांचं छप्पर आज चार टन असेल. निव्वळ स्लॅब सतरा-अठरा टन होईल. तुमच्या भिंती म्हणजे दगडांचे दोन पदर आणि मध्ये भरलेली माती. दोन्ही पदरांना शिवणारे आरपार दगड पुरेसे नसतील, तर वाढलेल्या वजनाखाली पदर सुटतात आणि भिंत पोट काढते. भूकंपात अशा भिंतींवरचं जड छप्पर हेच सर्वांत धोक्याचं. एखाद्याला स्लॅब हवाच असेल, तर त्यासाठी स्वतंत्र पायावर खांब उभे करावे लागतात आणि भिंतींवर एक किलोही टाकायचा नसतो. ते खांब जुन्या पायाच्या आत-बाहेर खणून उभे करणं तुमच्या तीन खोल्यांसाठी परवडणारं नाही. कौलंच ठेवा.

छप्पर उतरवताना दोन्ही पाख्यांची कौलं सारखी-सारखी काढायला सांगा. एकच पाखं मोकळं केलं की सांगाड्यावर एका बाजूचा रेटा येतो. चांगली कौलं घासून परत वापरता येतात. बोटानं ठोकली की खणखणीत वाजतात ती ठेवा, बद्द वाजणारी फेका. बदली कौलं त्याच मापाच्या साच्याची हवीत, थोडा फरक असला तरी खाचा बसत नाहीत आणि वाऱ्याचा पाऊस आत शिरतो. कौलांखाली काही अंथरणार असाल तर वाफ जाऊ देणारी चादर घ्या आणि वर हवेला वाट ठेवा.

कुजलेल्या तुळईला हात लावण्याआधी ती काय करते हे सुताराला नीट पाहू द्या. छपराचं वजन वाशांतून दोन्ही भिंतींना बाहेर रेटत असतं आणि तुळई त्या भिंतींना आत धरून ठेवते. टेकू न देता ती कापली तर भिंती वरून उघडतात. टेकू द्या, मग टोचणीनं लाकूड तपासत जा. टोचणी सहज आत जाते तिथपर्यंत लाकूड मेलेलं. त्याच्यापुढे आणखी फूटभर, चांगल्या लाकडात जाऊन कापा. त्याच जातीच्या सुक्या लाकडाचं टोक जोडा, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. जुनं टोक कुजलं याचं कारण ते ओल्या मातीत गच्च बसवलेलं होतं. नव्या टोकाखाली सपाट दगड ठेवा आणि तिन्ही बाजूंनी इंचभर हवा खेळती ठेवा. बाकीच्या तुळयांची भिंतीतली टोकंही याच फेरीत टोचून बघा, बहुधा आणखी एखादी सापडेल. भिंतीवर वाळवीचे मातीचे बोगदे दिसले तर जमीन आणि भिंत मिळते त्या रेषेत फूट-फूट अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध भरतात. ते काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. ओल गेली की वाळवीचं निम्मं बळ जातं.

मागच्या दोन खोल्या जरूर बांधा. त्या हव्यातच, कारण संडास, बाथरूम आणि शक्य असेल तर स्वयंपाकघरातलं सिंकसुद्धा त्या नव्या भागातच जायला हवं. जुन्या भिंतीतून पाण्याचा एकही नळ जाऊ नये, एवढा एक नियम पाळलात तरी पुढची कितीतरी दुरुस्ती वाचेल. पण "जोडून देऊ" हा शब्द मला खटकतो. जुनं घर कित्येक वर्षं बसून स्थिर झालंय. नवा भाग पहिल्या दोन-तीन वर्षांत थोडा खाली बसणारच. दोन्ही घट्ट जोडले तर नेमकी जोडावर, वरून खालपर्यंत भेग पडते. नव्या भागाला त्याचा पाया, त्याच्या चार भिंती आणि त्याचं छप्पर द्या. जुन्या-नव्यात इंचभर फट सोडा, ती दाबली जाणाऱ्या मऊ पट्टीनं भरा आणि वरून असं झाकण बसवा, जे एकाच बाजूला पक्कं असेल.

पायाआधी जुन्या भिंतीलगत दोन फूट चौकोनी खड्डा घेऊन जुना पाया किती खोल आहे ते बघा. नवा पाया त्याहून खोल जाणार असेल, तर जुन्या पायाच्या तळापासून बाहेर ४५ अंशांत उतरणाऱ्या रेषेच्या आत खणू नका. म्हणजे नवा पाया दोन फूट जास्त खोल असेल तर तो दोन फूट दूर. याच कारणानं मी दोन भाग चार-पाच फूट दूर ठेवून मधे बुटकी, अरुंद, छपराची वाट सुचवेन; वर सांगितलेली इंचभर फट मग ही वाट जुन्या भिंतीला भिडते तिथं येईल. तिचं छप्पर जुन्या वळचणीच्या खाली राहील, त्यामुळे दोन पाख्यांच्या मधे पन्हळ करावी लागणार नाही. ती मधली पन्हळ पानांनी तुंबते आणि जुन्या-नव्या घराच्या जोडावर गळते. वाटेचं छप्पर भिंतीला भिडतं तिथं पत्र्याची पट्टी भिंतीत इंचभर खाच करून बसवा, छपरापासून सहा इंच वर. नुसतं सिमेंट थापून ठेवलेला सांधा दोनेक पावसाळ्यांत उघडतो.

वाटेसाठी जुन्या भिंतीत दार पाडावं लागेल. मागच्या भिंतीला खिडकी असेल तर तिच्याखालचा भाग काढून दार करा. वरचं लाकूड किंवा दगड आधीच वजन पेलतोय, नवं काही घालावं लागत नाही. तशी खिडकी नसेल तर दार कोपऱ्यापासून निदान तीन फूट दूर घ्या. आधी तीन-तीन फुटांवर भिंतीतून आरपार आडव्या तुळया घालून त्यांना दोन्ही बाजूंनी टेकू द्या, आणि नव्या लिंटेलचं, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईचं, टोक दोन्हीकडे नऊ इंच भिंतीत बसवा. सेप्टिक टाकीचा शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर दूर हवा, आणि उताराच्या खालच्या बाजूला.

भावाचं म्हणणं कधी खरं ठरेल, हेही बघून ठेवा. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडा. भिंत मधेच फुगलेली असेल आणि तिथं ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधावा लागतो. भेगा असतील तर दोन्ही काठांवर पेन्सिलीची खूण करून तारीख आणि अंतर लिहा, आणि एक पावसाळा व एक उन्हाळा त्या बघत राहा. २ मिलिमीटरच्या आतल्या, न वाढणाऱ्या भेगा भरून टाका. ५ मिलिमीटरच्या पुढच्या, किंवा वर रुंद आणि खाली निमुळत्या होत वाढणाऱ्या भेगा दिसल्या तर पाया खचतोय. तसं दोन-तीन भिंतींना झालं असेल, किंवा घर पुराच्या पाण्यात उभं राहत असेल, तर पाडून नवं बांधणं हाच शहाणपणा आणि तिथं मी भावाच्या बाजूनं बोलेन. हा निवाडा कंत्राटदाराकडून घेऊ नका. त्याला स्लॅबचं काम मिळायचं आहे. दगड-मातीच्या घरांवर काम केलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन बोलवा आणि त्या दिवशी भावाला सोबत न्या. ओल्या मातीची ती गोळी त्यालाही चिमटीत घेऊ द्या. घर दोघांच्या नावावर असेल तर कामाआधी लेखी संमती आणि बांधकामाची परवानगी दोन्ही हातात ठेवा.

कंत्राट एकरकमी नको. पाण्याचा निचरा, छप्पर, भिंती आणि नवा भाग अशी चार वेगळी कामं, चार वेगळी अंदाजपत्रकं, आणि पैसे प्रत्येक टप्प्याच्या शेवटी. नवा भाग भिंती सुकत असताना उभा राहू शकतो. जुन्या घराच्या रकमेवर २० टक्के वेगळे राखून ठेवा. गिलावा आणि कौलं निघाल्यावर काहीतरी नवं दिसतंच, आणि ते बघून घाबरून सगळं पाडायचा निर्णय होऊ नये. विजेच्या तारा जुन्या भिंतीत खाच मारून नेऊ नका, भिंतीवरून पाइपातून न्या. नव्या भागातले नळ आणि गटाराचे पाइप बुजवण्याआधी, शेजारी टेप धरून, अंतर वाचता येईल असे फोटो काढून ठेवा. पुढे कुठं गळती झाली तर कुठं फोडायचं ते त्या फोटोंवरून कळेल.